जेफ्रीज, मॅट
(१२ ऑगस्ट १९२१–२१ जुलै २००३). अमेरिकन कलादिग्दर्शक आणि ‘स्टार ट्रेक’ (१९६६–६९) या दूरचित्रवाणी मालिकेतील ‘एंटरप्राइझ’ अंतराळयानाचे रचनाकार. जन्म पेनसिल्व्हेनियातील लेबनन येथे. दुसऱ्या महायुद्धात ते बॉम्बफेकी विमानांवर होते. पुढे स्वतःही विमान बाळगणाऱ्या या वैमानिकाची नजर त्यांच्या कामात जागोजागी दिसते. निर्माते जीन रॉडेनबेरी यांना यानावर अग्निबाणाची शेपटी किंवा पंख नको होते. जेफ्रीज यांनी पुढे बशीसारखी चकती, मागे नळकांडे आणि दोन इंजिने दांड्यांवर दूर बसवली. इतकी प्रचंड शक्ती माणसांपासून लांबच बरी, हा त्यामागचा हिशेब. यानाचा बाह्यभाग गुळगुळीत ठेवला, कारण दुरुस्ती आतूनच व्हावी. ‘एनसीसी-१७०१’ हा क्रमांक अमेरिकी विमानांच्या जुन्या ‘एनसी’ नोंदणीवरून सुचला. पडद्यावर गल्लत होईल असे ३, ६, ८, ९ हे अंक त्यांनी टाळले.

यानाचा नियंत्रणकक्ष आणि मालिकेतील शत्रुपक्ष असलेल्या क्लिंगॉन जमातीची युद्धनौका या रचनाही त्यांच्याच. सेटवरील सरपटत जायच्या बोगद्याला सहकाऱ्यांनी थट्टेने ‘जेफ्रीज ट्यूब’ म्हटले. ते नाव ‘स्टार ट्रेक’च्या पुढच्या मालिकांच्या संवादांतही रुळले. नंतर ‘लिटल हाऊस ऑन द प्रेअरी’ या अगदी वेगळ्या, ग्रामीण मालिकेचे कलादिग्दर्शन त्यांनी केले. चित्रीकरणात वापरलेली ‘एंटरप्राइझ’ची सुमारे ११ फुटी प्रतिकृती वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई व अंतराळ संग्रहालयाकडे आहे.