कानाची पाळी

बिदर जिल्ह्यातील जलसंगीच्या चालुक्यकालीन देवालयात एक शिलासुंदरी सहाव्या विक्रमादित्याची प्रशस्ती लिहीत उभी आहे. शिल्पकार कान घडवितो तो शास्त्राच्या प्रमाणाने; निसर्ग असले प्रमाण पाळीत नाही. १९५६ साली बिदर म्हैसूरकडे गेले, उदगीर मुंबई राज्याकडे. परंतु लोंबती पाळी आणि गालाला चिकटलेली पाळी दोहोंकडे आढळते. (झुब्यांच्या भाराने ओघळलेली पाळी ही सोनाराची करामत!) कानाच्या कडेवरील बारीक उंचवटा वूल्नर या शिल्पकारानेच डार्विनच्या नजरेस आणला, १८७१ च्या ग्रंथात त्याची नोंद आहे. पुढे पॅरिसच्या बर्तियाँने गुन्हेगारांच्या ओळखीसाठी कानाला मानाचे स्थान दिले. मात्र चिकटी पाळी एकाच जनुकामुळे येते, हा पाठ्यपुस्तकी समज टिकला नाही. २०१७ च्या संशोधनात पाळीशी संबंधित ४९ जनुकस्थाने आढळली. चिकट्या पाळीच्या आईबापांपोटी लोंबत्या पाळीचे मूल निपजले, तरी संशयाला जागा नाही.