संक्षारक द्रव्यांचे दाबमापन : दाबमापकाच्या रक्षणाचा इतिहास

यंत्रयुगाच्या आरंभी दाबमापनाचे विश्वसनीय साधन म्हणजे पाऱ्याचा स्तंभ होय. एका वातावरणाचा दाब तोलण्यास ७६० मिलिमीटर पारा लागतो. त्या हिशेबाने दहा वातावरणांसाठी ७·६ मीटर उंचीची नळी उभारावी लागे. आगगाडीच्या इंजिनावर ती बसविणे अशक्यच होते. १८४९ साली पॅरिस येथील यूजीन बूर्दाँ याने ही अडचण दूर केली. चपट्या छेदाची वाकविलेली नळी आतील दाबाने उलगडू पाहते, या तत्त्वावर त्याने काट्याचा दाबमापक सिद्ध केला. त्याच सुमारास माग्डेबुर्ग येथील बर्नहार्ट शेफर याने धातूच्या लवचिक पडद्यावर चालणारा दाबमापक तयार केला.

बूर्दाँच्या नळीत मोजावयाचे द्रव्य प्रत्यक्ष शिरते, आणि नळीची भिंत तर पातळ व ताणाखाली असते. हा संयोग किती घातक ठरू शकतो, याचा उलगडा एका निराळ्याच क्षेत्रात झाला. हिंदुस्थानातील ब्रिटिश फौजेच्या पितळी काडतुसांना पावसाळ्यात भेगा पडत. हवेतील अल्प अमोनिया आणि धातूतील अंतर्गत ताण या दोहोंच्या एकत्र परिणामाने पितळ तडकते, असे मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांनी १९२१ साली दाखवून दिले. अमोनियावर चालणाऱ्या शीतयंत्राच्या दाबमापकात ही दोन्ही कारणे एकत्र येतात. म्हणूनच तेथे पितळी नळी वर्ज्य मानून पोलादी नळी वापरतात.

तथापि ओलसर क्लोरीन वा हायड्रोक्लोरिक आम्ल यांपुढे पोलादही टिकत नाही. तेथे धातू बदलण्यापेक्षा द्रव्यालाच नळीपासून दूर ठेवणे श्रेयस्कर ठरले. वाफेच्या बाबतीत ही युक्ती परिचित होती : जोडनळीला वळसा देऊन त्यात साचलेले पाणी तप्त वाफेला अडवीत असे. रासायनिक कारखान्यांत पाण्याची जागा टँटलमसारख्या टिकाऊ धातूच्या पातळ पडद्याने घेतली. पडद्यामागील पोकळी व नळी द्रवाने भरून बंद करतात. पडद्यावरील दाब त्या द्रवातून नळीस पोहोचतो. शेफरने मापनासाठी योजिलेला पडदा येथे रक्षक झाला.

या रक्षणाचे मोलही द्यावे लागते. उष्णतेने आतील द्रव प्रसरण पावला की काटा चुकतो. क्लोरीनसाठी ग्लिसरीन चालत नाही, कारण पडदा फाटल्यास दोहोंत तीव्र रासायनिक क्रिया होण्याचे भय असते. तेथे क्लोरीनशी क्रिया न करणारे तेल लागते. सर्वांत मोठा धोका मात्र आतील द्रव नकळत झिरपून जाण्याचा आहे. अशा वेळी पात्र दाबाने भरलेले असूनही काटा कमी दाब दर्शवितो, आणि त्यावर विसंबून झडप उघडणाऱ्या कामगाराचा जीव धोक्यात येतो. यास्तव अशा दाबमापकाची ठराविक मुदतीने पडताळणी करणे हा त्याच्या वापराचाच अविभाज्य भाग ठरतो.