यंत्राआधीचा बर्फ

पाण्याचा बर्फ व्हायला ते शून्य अंश सेल्सियसपर्यंत थंड होणे पुरेसे नसते. तिथे पोहोचल्यावरही दर किलोमागे सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता पाण्यातून बाहेर जावी लागते आणि ती जाईपर्यंत तापमापीतला पारा जागचा हलत नाही. एक किलो पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढीच ही. बर्फ वितळताना तीच उष्णता पुन्हा शोषली जाते. ग्लासगोत शिकवणाऱ्या जोसेफ ब्लॅक यांनी १७६०च्या सुमारास हे मोजून दाखवले आणि पुढे या उष्णतेला अप्रकट उष्मा असे नाव रूढ झाले. उष्ण देशात बर्फ मिळवायचा तर ही उष्णता कुठे तरी घालवली पाहिजे, किंवा ती आधीच गेलेली आहे अशा ठिकाणाहून बर्फ उचलून आणला पाहिजे. भारतात हे दोन्ही मार्ग यंत्रे येण्याच्या कितीतरी आधी चोखाळले गेले.

अकबराच्या दरबारात पाणी गार करण्यासाठी सोरा वापरत. अबुल फज्लने ‘आईन-ए-अकबरी’त आबदारखान्याच्या प्रकरणात त्याची कृती मापांसह दिली आहे. एक शेर पाणी धातूच्या सुरईत भरून तोंड बंद करायचे. दुसऱ्या भांड्यात पाच शेर पाणी घेऊन त्यात अडीच शेर सोरा टाकायचा आणि त्या मिश्रणात सुरई थोडा वेळ फिरवत राहायचे. सोरा पाण्यात विरघळताना भोवतालची उष्णता ओढून घेतो, म्हणून सुरईतले पाणी गार पडते. तोफेच्या दारूत जाणारी वस्तू बादशहाची तहान भागवायला वापरली जाते, याचे अबुल फज्लला कौतुक वाटले असावे. तो त्याबद्दल मोठ्या हौसेने लिहितो. वापरलेले पाणी आटवले की सोरा पुन्हा खड्यांच्या रूपात हाती येत असे. या रीतीला मर्यादा होती ती एवढीच, की पाणी गार होई, पण गोठत नसे.

१५८६च्या सुमारास दरबाराचा मुक्काम पंजाबात हलला, तेव्हा बर्फ आणणे सोपे झाले. लाहोरपासून ४५ कोसांवरच्या डोंगराळ मुलुखातून तो होड्यांतून, गाड्यांतून आणि माणसांच्या पाठीवरून येऊ लागला. सरदार मंडळी तो वर्षभर वापरत, इतरांच्या वाट्याला तो उन्हाळ्यापुरता येई.

हिमालयापासून दूर गंगेच्या मैदानात मात्र बर्फ आणत नसत, करत असत. अलाहाबाद, बनारस, हुगळी या भागांत हा हिवाळी धंदाच होता. बंगालच्या फौजेत वरिष्ठ अधिकारी राहिलेल्या सर रॉबर्ट बार्कर यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीला त्याची माहिती कळवली आणि ती १७७५मध्ये छापून आली. या प्रदेशात तळ्यात किंवा हौदात पाणी आपोआप गोठल्याचे क्वचितच आढळते, असे ते सांगतात आणि तरीही तिथे दर हिवाळ्यात बर्फ कसा पिकवतात याचे वर्णन करतात.

मोकळ्या माळावर सुमारे तीस फूट लांबरुंद आणि दोन फूट खोल असे तीनचार खड्डे खणायचे. तळाशी उसाची चिपाडे किंवा मक्याची वाळलेली ताटे आठ इंच ते फूटभर जाडीची पसरायची. त्यावर मातीच्या उथळ परळ्या ओळीने मांडायच्या. या परळ्या बिनझिलईच्या, पाव इंच जाडीच्या आणि जेमतेम सव्वा इंच खोलीच्या असत. तिन्हीसांजेला त्यांत पाणी भरायचे, तेही आधी उकळून निववलेले. पहाटे सूर्य उगवण्यापूर्वी मजूर येत, परळ्यांतला बर्फ काढून टोपल्यांत भरत आणि साठवणीच्या विहिरीकडे नेत. चौदापंधरा फूट खोल अशा या विहिरीला आतून पेंढा आणि त्यावर जाडेभरडे कांबळे लावलेले असे. तिथे धुमसाने ठोकून ठोकून बर्फ बसवत, म्हणजे सुटे तुकडे एकमेकांना चिकटून पुन्हा एक ढेप तयार होई. तोंड पेंढ्याने आणि कांबळ्यांनी बंद, वर छप्पर. डिसेंबर ते फेब्रुवारीत साठवलेला हा माल उन्हाळ्यात साहेबांच्या टेबलावर जाई.

हवा शून्याच्या वर असताना पाणी गोठते कसे, हा प्रश्न युरोपातल्या विद्वानांना छळू लागला. पाण्याचे बाष्पीभवन होताना उष्णता जाते, हे सर्वांच्या परिचयाचे. माठातले पाणी त्यामुळेच गार होते. तेव्हा परळ्यांतही तेच घडत असणार, असे बहुतेकांनी गृहीत धरले. लंडनमधील डॉक्टर विल्यम चार्ल्स वेल्स यांनी १८१४मध्ये दवावर लिहिलेल्या निबंधात हे मत खोडून काढले. बाष्पीभवन हे खरे कारण असेल, तर वारा सुटल्यावर बर्फ जास्त पडायला हवा. प्रत्यक्षात वारा असेल त्या रात्री बर्फ धरतच नसे. शिवाय खालचा पेंढा भिजला तर काम बिघडे, आणि कारागीर तो बदलून कोरडा घालत. वेल्स यांचे उत्तर असे, की निरभ्र आणि निवांत रात्री पाण्याचा पृष्ठभाग आपली उष्णता प्रारणाने थेट आकाशाकडे सोडतो. खालचा कोरडा पेंढा जमिनीची ऊब वर येऊ देत नाही, खड्ड्याच्या कडा वारा अडवतात, आणि पाण्याचा पातळ थर हवेपेक्षा कितीतरी थंड होऊन गोठतो. कारागिरांना प्रारण ठाऊक नव्हते, पण खड्ड्याची खोली, परळीची उंची, कोरडे चिपाड आणि ढगाळ रात्रीची सुट्टी यांतली एकही गोष्ट त्यांनी चुकवली नव्हती. सिद्धांत मांडला गेला तो यानंतर.

मुंबईत ही युक्ती चालण्यासारखी नव्हती. समुद्रकाठची दमट हवा रात्रीही उष्णता धरून ठेवते आणि हिवाळा म्हणावा असा पडत नाही. मुंबईला बर्फ मिळाला तो थेट अमेरिकेतून.

बॉस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याने १८०६मध्ये कॅरिबियनमधील मार्टिनिक बेटावर बर्फाचे पहिले जहाज पाठवले, तेव्हा गावाने त्याला वेड्यात काढले होते. बरीच वर्षे तोटा सोसून, कर्जापायी तुरुंगात जाऊन त्याने धंदा बसवला. त्याचा सहकारी नॅथॅनियल वायथ याने १८२५च्या सुमारास घोड्यांनी ओढायचा बर्फाचा नांगर तयार केला. गोठलेल्या तळ्यावर तो फिरवून सारख्या आकाराच्या चौकोनी लाद्या पाडता येऊ लागल्या. सारख्या लाद्या एकमेकींना भिडून बसतात, मध्ये हवेला वाव राहत नाही आणि वितळणे मंदावते. लाकडाच्या वखारींत फुकट पडून असलेला भुसा भोवती भरला की काम झाले.

१२ मे १८३३ रोजी ‘टस्कनी’ हे जहाज १८० टन बर्फ घेऊन बॉस्टनहून निघाले आणि सप्टेंबरमध्ये कोलकात्याला लागले. विषुववृत्त दोनदा ओलांडून, चार महिन्यांच्या प्रवासानंतर सुमारे १०० टन माल शाबूत होता. गव्हर्नर जनरल विल्यम बेंटिंक यांनी जहाजाबरोबर आलेल्या प्रतिनिधीला चांदीचा चषक भेट दिला.

यात जादू काहीच नव्हती. बर्फ फक्त पृष्ठभागावरून वितळतो. ढिगाची लांबी, रुंदी आणि उंची दुप्पट केली तर पृष्ठभाग चौपट होतो, पण बर्फ आठपट भरतो. म्हणून एक किलो बर्फ तासाभरात संपेल अशा हवेत शेकडो टनांची रास महिनोन्‌महिने टिकते. वितळणाऱ्या प्रत्येक किलोला ३३४ किलोज्यूल उष्णता हवी, आणि ती भुशातून मोठ्या कष्टाने आत शिरते. तळाशी साचलेले पाणी मात्र सतत उपसावे लागे, कारण ओला भुसा उष्णता अडवत नाही. व्यापाराचे गणितही जमणारे होते. बॉस्टनहून भारताकडे येणाऱ्या जहाजांना नेण्याजोगा माल थोडा असे आणि भार म्हणून दगड भरावे लागत. त्याऐवजी बर्फ आला, आणि परतीला कातडी, नीळ असा माल गेला.

१८३४मध्ये हा बर्फ मुंबईत पोहोचला. जमशेटजी जीजीभॉय यांनी पाहुण्यांना आइस्क्रीम खाऊ घातले आणि यजमानासह पाहुणे सर्दीने बेजार झाले, अशी बातमी त्या वेळच्या ‘मुंबई समाचार’च्या नावाने सांगितली जाते. सर्दीचा दोष आइस्क्रीमला देण्याची चाल तेव्हापासून मुंबईत टिकून आहे. पुढे १८४३मध्ये वर्गणी काढून फोर्टात गोदीच्या बाजूला, सेंट अँड्र्यूज चर्चच्या परिसरात घुमटाचे बर्फघर बांधले गेले. गिऱ्हाईक मुख्यतः युरोपीय आणि धनिक पारशी. ज्वरात डोक्यावर ठेवायला डॉक्टरही तो मागवत. जहाज वेळेवर आले नाही की शहरात बर्फाचा दुष्काळ पडे. अमेरिकेतल्या वॉल्डन तळ्यावर १८४६–४७च्या हिवाळ्यात बर्फ कापणारे मजूर हेन्री थोरोने पाहिले, आणि आपल्या तळ्याचे पाणी मुंबई, मद्रास आणि कोलकात्याचे लोक पितात, हा विचार त्याला गीता वाचता वाचता सुचला.

गंमत अशी, की मुंबईने पहिला अमेरिकी बर्फ चाखला त्याच १८३४मध्ये जेकब पर्किन्स याने लंडनमध्ये त्या धंद्याच्या मुळावर येणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. त्यात ईथरचा द्रव नळीत उकळून वायू होतो आणि तसे होताना आपला अप्रकट उष्मा पाण्यातून ओढून घेतो. मग पंप त्या वायूला दाबून पुन्हा द्रव करतो आणि ती उष्णता बाहेर टाकली जाते. बर्फ करण्यासाठी आता निरभ्र रात्र नको आणि गोठलेले तळेही नको. पुढे ईथरची जागा अमोनियाने घेतली, कारण तो साध्या दाबाला उणे ३३ अंशांनाच उकळतो. कोलकात्यात १८७०च्या दशकाच्या अखेरीस बर्फाचे कारखाने निघाले आणि काही वर्षांतच अमेरिकेतून येणारी जहाजे थांबली.

यंत्राच्या बर्फाने भाव उतरला आणि बर्फ साहेबाच्या पेल्यातून उतरून मासळीबाजारात, रसवंतीवर आणि गोळ्याच्या गाडीवर आला. कारखान्यात खाऱ्या पाण्याची टाकी अमोनियाने शून्याखाली गार करतात आणि तीत पाण्याने भरलेले पत्र्याचे लांबट डबे बुडवतात. पाणी कडेकडून आत गोठत जाते आणि विरघळलेली हवा मध्याकडे ढकलली जाते. लादीच्या पोटात दिसणारा पांढुरका गाभा त्या हवेच्या बुडबुड्यांचा असतो. यंत्रांची ताकद मोजायला एककही बर्फाचेच घेतले गेले. एक टनाचे वातानुकूलन यंत्र म्हणजे २,००० पौंड बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषेल तेवढी, म्हणजे साडेतीन किलोवॉटच्या दराने, बाहेर फेकणारे यंत्र.

परळ्यांचे खड्डे बुजले आणि त्यांबरोबर ते कसबही गेले. मुंबईचे आणि कोलकात्याचे बर्फघर पाडले गेले. चेन्नईत समुद्रकाठी ट्यूडरने १८४२मध्ये बांधलेले बर्फघर तेवढे उभे आहे; स्वामी विवेकानंद १८९७मध्ये तिथे नऊ दिवस राहिले होते, आणि आज त्या इमारतीत त्यांचे स्मारक आहे.