गवतातली पांढरी छत्री: अळिंबी की विष?

कान्हे (ता. मावळ) - पावसाळा जोर धरू लागला, की कान्हे फाट्यापासून आंदर मावळाकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचे माळ, भातखाचरांचे बांध आणि गायराने हिरवी होतात आणि त्या गवतातून पांढऱ्या छत्र्या वर येतात. जाणत्यांची नजर त्यांतून नेमकी वारुळाची अळिंबी शोधते. मात्र हौसेने पिशवी भरणाऱ्यांना गवतातली प्रत्येक पांढरी छत्री अळिंबीच वाटते, आणि धोका तेथेच आहे.

वारुळाची अळिंबी (शास्त्रीय नाव टर्मिटोमायसिस) हिलाच विदर्भात सात्या म्हणतात. वाळवी जमिनीखाली या बुरशीची जणू शेतीच करते. त्यामुळे छत्रीचा दांडा मातीत मुळासारखा निमुळता होत थेट वाळवीच्या घरापर्यंत जातो. छत्रीच्या मध्यभागी बहुधा टोकदार उंचवटा असतो. वारूळ वर दिसतेच असे नाही. सपाट गवतातही ते खाली असू शकते. म्हणून छत्री चाकूने कापू नये, बुंध्यासकट उकरावी. बुंध्याशी पिशवीसारखे वेष्टन किंवा वाटी आढळली, तर ती अमानिटा कुळातली असण्याची शक्यता असते. जगातल्या सर्वाधिक घातक छत्र्या याच कुळात आहेत. वरून कापणाऱ्याच्या हाती हा पुरावा येतच नाही.

कुरणात फसवणारी दुसरी छत्री म्हणजे क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. आकाराने ताटलीएवढी, पांढरी, वर तपकिरी खवले, दांड्यावर सरकणारे कडे. अनेकदा वर्तुळाकार रांगेत उगवते. कोवळेपणी तिच्या खालच्या पापुद्र्यांचा रंगही पांढराच असतो. उलगडा होतो तो बीजाणूंच्या ठशाने. दांडा काढून छत्री कागदावर पालथी घालावी, वर वाटी झाकावी आणि रात्रभर ठेवावी. हिरवट ठसा उमटला, तर ती हीच विषारी छत्री. वारुळाच्या अळिंबीचा ठसा फिकट गुलाबी येतो. परंतु गुलाबी ठसा म्हणजे खाण्याचा परवाना नव्हे, कारण तसा ठसा देणाऱ्या विषारी जातीही आहेत.

चांदीचे नाणे काळे पडते, लसूण रंग बदलतो, किडे लागलेली अळिंबी निर्धोक असते, या समजुतींना कोणताही आधार नाही. अमानिटातील घातक विष शिजवल्याने किंवा वाळवल्यानेही नष्ट होत नाही. आसाममध्ये एप्रिल २०२२ मध्ये रानटी छत्र्या खाऊन १३ जण दगावले. त्यांत बहुतेक चहामळ्यांतील कुटुंबे होती. पिढ्यान्‌पिढ्या रानभाज्या खाणारेही चुकू शकतात, हे येथे ध्यानात घ्यावे.

क्लोरोफायलमने साधारण एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. सहा तासांनंतर त्रास सुरू झाला, तर प्रकरण अधिक गंभीर समजावे. अशा रुग्णाला दुसऱ्या दिवशी बरे वाटू लागते, घरचे निर्धास्त होतात आणि आतून यकृत निकामी होत असते. म्हणून उतार पडण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. उरलेली छत्री किंवा भाजी कागदात गुंडाळून सोबत न्यावी. त्याच पंगतीत जेवलेल्या, पण अद्याप त्रास न झालेल्यांनाही तपासून घ्यावे.

ज्यांना अळिंबीची चवच हवी आहे, त्यांच्यासाठी लागवडीची धिंगरी बाजारात मिळते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबी संशोधन प्रकल्पही आहे. वारुळाच्या अळिंबीची सर तिला नाही, हे मात्र मावळातला कोणीही सांगेल.