उघड्या रजिस्टरपासून चार आकडी पिनपर्यंत

१९६७ साली दोन गोष्टी घडल्या. २७ जूनला लंडनच्या एनफिल्ड भागात बार्कलेज बँकेचं पैसे देणारं यंत्र सुरू झालं. त्यामागचे जॉन शेफर्ड-बॅरन हे जन्माने शिलाँगचे. आकडा सहा अंकी ठेवायचं त्यांच्या मनात होतं. बायको म्हणाली, माझ्या लक्षात चारच राहतात. हा किस्सा त्यांनीच सांगितलेला. त्याच वर्षी आपल्याकडे महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला. १ मे १९६८ पासून तो लागू झाला.

या दोन गोष्टींची गाठ आता वाचनालयाच्या टेबलावर पडते आहे. 'ई-ग्रंथालय' किंवा न्यूझीलंडमध्ये जन्मलेलं मोफत 'कोहा' अशा संगणक प्रणालींत सभासदाला स्वतःचं खातं मिळू शकतं. सभासद क्रमांक आणि पिन टाकला की कोणतं पुस्तक आपल्याकडे आहे, परत कधी द्यायचं, हे घरबसल्या कळतं.

आधी काय होतं? 'नेटिव्ह जनरल लायब्ररी'च्या काळापासून वर्गणी, अनामत आणि जाडजूड रजिस्टर. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेतून बॉर्डन यांना बडोद्याला बोलावलं आणि मोफत ग्रंथालयांचं जाळं विणलं. १९३१ मध्ये रंगनाथन यांनी पाच सूत्रं मांडली; त्यातलं एक, वाचकाचा वेळ वाचवा. पण गावोगावचं रजिस्टर टेबलावर उघडंच राहिलं. कोणी काय नेलं, ते मागचा माणूस सहज वाचायचा.

मुद्दा इथंच आहे. एखादी बाई घटस्फोटाच्या कायद्याचं पुस्तक नेते, एखादा माणूस आजारावरचं. ते गावाला कशाला कळावं? २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. वाचनही त्यातच आलं ना?

म्हणून अमरावती-अकोल्यातल्या वाचनालयांच्या संचालक मंडळांना सांगणं आहे. सगळ्यांना एकच '१२३४' देऊ नका. मोबाईलचे शेवटचे चार आकडेही नकोत, ते अख्ख्या मोहल्ल्याला पाठ असतात. पिन सभासदाने स्वतः ठरवावा, विसरला तर ओळख पटवूनच बदलून द्यावा. आणि ज्या आजोबांकडे साधा फोन आहे, त्यांच्यासाठी टेबलावरची देवघेव बंद करू नका. नाहीतर रजिस्टर संगणकात गेलं, पण उघडं ते उघडंच राहिलं, असं व्हायचं.