प्रतिकृतीचा दिनांक

प्रवासी विमानांच्या लघुप्रतिकृतींना आपण सहसा छंदाच्या खात्यात जमा करतो. आम्हांला मात्र त्यांत इतिहासलेखनाचा एक प्रकार दिसतो, आणि संहितेच्या अभ्यासकाला त्यात ओळखीचे प्रश्न भेटतील असे वाटते.

१९३६ साली ब्रिटनमध्ये ‘फ्रॉग पेंग्विन’ या नावाने प्लास्टिकचे विमानसंच निघाले. त्यांचे प्रमाण १:७२, म्हणजे सहा फुटांना एक इंच. पुढे अजस्र प्रवासी विमानांसाठी त्याच्या निम्मे, १:१४४ हे प्रमाण रूढ झाले. सुमारे ७० मीटर लांबीचे बोइंग ७४७ त्यात ४९ सेंटिमीटरचे होते. परंतु दोषांनाही हाच हिशेब लागू पडतो. अर्ध्या मिलिमीटरची खाच खऱ्या विमानावर सात सेंटिमीटरची भेग ठरेल. म्हणूनच सांधे पुट्टीने भरणे, काचपेपरने घासणे आणि रंगाचे पातळ हात देणे यांत महिने जातात.

कामाची खरी परीक्षा छायाचित्रात होते. धावपट्टीवर उभ्या असलेल्या माणसाची नजर या प्रमाणात जेमतेम ११ मिलिमीटर उंचीवर येते. भिंग तिथवर उतरवावे लागते. इतक्या जवळून नाक स्पष्ट आणि शेपूट धूसर दिसले, की खेळणे उघडे पडते. त्यावर उपाय म्हणजे भिंगाचे छिद्र लहान करून प्रकाशाला अधिक वेळ देणे, किंवा वेगवेगळ्या अंतरांवर रोखलेली अनेक चित्रे जोडणे. दिवा मुख्यतः एकच हवा, कारण सूर्य एकच असतो.

मात्र ‘सर्वसाधारण’ विमान घडवता येत नाही. घडवायचे ते अमुक एक विमान, अमुक एका काळातले. एअर इंडियाने १९७१ पासून वापरलेल्या ७४७ विमानांच्या खिडक्यांभोवती लाल झरोके रंगवलेले होते. त्यांतले पहिले ‘एम्परर अशोक’, नोंदणी व्हीटी-ईबीडी. १ जानेवारी १९७८ च्या रात्री सांताक्रूझहून दुबईकडे निघालेले हे विमान काही क्षणांतच वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळले; त्यातील सर्व २१३ जण मृत्युमुखी पडले. त्याची प्रतिकृती करणाऱ्याला या तारखेच्या अलीकडचा एखादा दिवस निवडावा लागतो. मग जुनी छायाचित्रे लावून अक्षरांची जागा आणि पट्ट्यांची जाडी पडताळायची. पोथ्यांतले पाठभेद पाहणारा संपादक याहून वेगळे काय करतो?

फरक एकच, पण गंभीर. संपादक आपला पाठ संपादित आहे असे सांगतो. यशस्वी प्रतिकृतीचे छायाचित्र ते सांगत नाही. उलट, ते लपवण्यातच त्याचे यश असते. मथळ्यावाचून ते हातोहाती फिरले, तर कधीही न टिपलेला क्षण पुरावा म्हणून वाचला जाईल, आणि तोही अनेक कुटुंबांच्या दुःखाशी जोडलेल्या विमानाचा. २०२४ च्या एप्रिलमध्ये एअर इंडियाच्या ७४७ ने मुंबईहून अखेरचे उड्डाण केले. ते झरोके आता बहुतांशी चित्रांत आणि प्रतिकृतींतच पाहायचे आहेत. म्हणून छायाचित्राखाली ‘प्रतिकृती, १:१४४’ एवढी ओळ असावी, असा आमचा आग्रह आहे.