पदवीचे गुण, हाताचे गुण

मराठीत ‘गुण’ हा शब्द मोठा सोयीचा आहे. परीक्षेत मिळतात तेही गुण आणि माणसाच्या अंगी असतात तेही गुण. वैद्याच्या हाताला असतो तो गुण आणखी निराळा. कॅनडाच्या स्थलांतर-धोरणाचा १९६७ नंतरचा इतिहास वाचताना या शब्दाची वारंवार आठवण होते, कारण माणसाच्या अंगच्या गुणांना परीक्षेचे गुण देण्याचा एवढा पद्धतशीर उद्योग त्यापूर्वी कोणत्याही देशाने केलेला नव्हता. मोठी पदवी नाही पण हातात कसब आहे, अशा माणसाला या हिशेबात कायम वास्तव्याचा हक्क कसा मिळत होता, आणि पुढे तो हक्क त्याच्या हातून कसा निसटला, एवढाच प्रश्न येथे विचारात घेतला आहे.

१९६७ पूर्वी प्रश्न पदवीचा नव्हताच. तो वंशाचा होता. १९०८ च्या नियमानुसार मायदेशातून थेट, अखंड प्रवास करून येणाऱ्यालाच कॅनडात उतरता येई, आणि भारतातून असा प्रवास जवळजवळ अशक्य होता. १९१४ साली ‘कोमागाता मारू’ या जहाजावरील ३७६ प्रवाशांपैकी बहुतेकांना दोन महिने व्हँकुव्हरच्या बंदरात अडवून परत पाठवण्यात आले, ते याच नियमांच्या आधारे. स्वातंत्र्यानंतर, १९५१ साली झालेल्या करारात भारताच्या वाट्याला वर्षाला १५० माणसांचा कोटा आला. १९६२ मध्ये मंत्री एलन फेअरक्लो यांच्या कारकिर्दीत निवडीच्या नियमांतून वंशाची अट बहुतांशी काढून टाकण्यात आली. ‘शिक्षण, प्रशिक्षण, कौशल्य’ हे तीन शब्द तिच्या जागी आले खरे, परंतु त्यांचे माप कोणीच ठरवले नव्हते. ते समोर बसलेल्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर होते.

ही मर्जी आवरावी या हेतूने उपमंत्री टॉम केंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुणपद्धती तयार केली. ती १ ऑक्टोबर १९६७ पासून अमलात आली. एकूण गुण १००, उत्तीर्ण होण्यासाठी ५०. शिक्षणाला कमाल २०, तेही शाळा-महाविद्यालयाच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला एक या सरळ हिशेबाने. व्यक्तिगत योग्यतेला १५, व्यवसायाच्या मागणीला १५. कौशल्याचा दर्जा, वय, ठरलेली नोकरी आणि इंग्रजी-फ्रेंचचे ज्ञान यांना प्रत्येकी १०. नातेवाईक आणि जायच्या प्रदेशातील कामाची संधी यांना ५-५.

या तक्त्याची गंमत उदाहरणावाचून कळत नाही. तीस वर्षांचे दोन काल्पनिक अर्जदार घेऊ. एक अकरावी मॅट्रिक झालेला फिटर, दुसरा सतरा वर्षे शिकलेला साहित्याचा एम. ए. दोघांचेही इंग्रजी उत्तम, म्हणजे ५ गुण. वयाचे दोघांनाही १०. शिक्षणाचे एकाला ११, दुसऱ्याला १७. सहा वर्षांच्या महाविद्यालयीन तपश्चर्येची किंमत सहा गुण! आता फिटरच्या व्यवसायाला मागणी असेल, तर त्या एकाच रकान्यात हे अंतर भरून निघे आणि वर शिल्लकही राहे. एम. ए. ला त्याच रकान्यात शून्य मिळण्याची भीती होती. (साहित्याच्या विद्यार्थ्यांनी हे वाचून फार खिन्न होऊ नये, निदान तेव्हा भेदभाव उघड होता आणि त्याचा आकडा लिहिलेला होता.)

अर्थात मर्जी पूर्णपणे गेली नाही. व्यक्तिगत योग्यतेचे १५ गुण मुलाखत घेणारा अधिकारी देई. जुळवून घेण्याची वृत्ती, उमेद, पुढाकार, हिकमत या गोष्टी त्याने अर्ध्या-एक तासात पारखायच्या होत्या. कादंबरीकाराला तीनशे पानांत जे जमत नाही, ते सरकारी टेबलावर होत असे. तरीसुद्धा एक गोष्ट मान्य केली पाहिजे. इतर रकान्यांत पुरेसे गुण जमवलेल्या कारागिराचे भवितव्य त्या अधिकाऱ्याच्या पसंतीवर पूर्वीइतके अवलंबून राहिले नाही.

१९७८ च्या सुधारणेत तर पदवीचे वजन आणखी घटले. शिक्षणाचे गुण २० वरून १२ वर आले. त्याऐवजी त्या व्यवसायासाठी लागणाऱ्या विशिष्ट प्रशिक्षणाला १५ आणि अनुभवाला ८ गुण ठेवण्यात आले. कोणत्या कामाला किती प्रशिक्षण लागते हे कोठे पाहायचे? सरकारने प्रसिद्ध केलेल्या व्यवसायांच्या जाडजूड कोशात. हजारो कामांची नावे, त्यांची वर्णने आणि ते काम शिकण्यास लागणारा काळ त्यात नोंदलेला होता. कोशवाङ्मयाच्या अभ्यासकांनी या ग्रंथाकडे पाहायला हवे असे मला वाटते. शब्दाची व्याख्या बदलली की माणसाचा देश बदलतो, असा अनुभव आपल्याकडच्या कोशांना क्वचितच आला असेल.

उलटा प्रवास सुरू झाला २००२ साली. नव्या कायद्याने व्यवसायांची मागणी पाहणे सोडून दिले. अर्थव्यवस्था पुढे कोणते वळण घेईल ते सांगता येत नाही, तेव्हा कोणत्याही कामाशी जुळवून घेऊ शकेल असा सुशिक्षित माणूस आणावा, हा त्यामागचा विचार. शिक्षणाला २५, भाषेला २४, अनुभवाला २१ आणि वय, ठरलेली नोकरी व जुळवून घेण्याची क्षमता यांना १०-१० गुण ठरले. उत्तीर्णतेची रेषा आधी ७५ होती. सप्टेंबर २००३ मध्ये ती ६७ वर आली. आता आपले दोन अर्जदार पुन्हा उभे करू. अनुभव, वय आणि इंग्रजी यांचे पुरे गुण दोघांनाही दिले तर प्रत्येकी ४७ होतात. उच्च पदवीधराला शिक्षणाचे २५ मिळून ७२; तो आत. एकूण बारा वर्षे शिकून त्यात वर्षभराचे धंदेशिक्षणाचे प्रमाणपत्र मिळवलेल्या फिटरला १२ मिळून ५९, तो बाहेर. कॅनडातल्या मालकाने आधीच नोकरी दिली असेल तरच तो तरणार. १९६७ मध्ये सहा गुणांचे असलेले अंतर आता तेरा गुणांचे झाले, आणि ते भरून काढणारा मागणीचा रकाना उरला नाही.

याचा परिणाम विचित्र झाला. पदवीच्या बळावर आत आलेल्या डॉक्टरला, इंजिनियरला प्रांतिक परवाना-संस्था त्याच पदवीवर काम करू देईनात. संघराज्याने ज्या कागदाला पंचवीस गुण दिले, त्याला प्रांताने पुरेसे मानले नाही. टॅक्सी चालवणारा डॉक्टर ही प्रतिमा त्या वर्षांत तेथील वृत्तपत्रांची नेहमीची झाली. आणि बांधकामाला वेल्डर, प्लंबर, सुतार मिळत नाहीत ही मालकांची तक्रारही त्याच सुमारास वाढत होती.

परदेशवास्तव्याविषयीच्या आपल्या लेखनात ही दुसरी बाजू फारशी दिसत नाही. आपला परदेशस्थ नायक बहुधा इंजिनियर, डॉक्टर, संशोधक. त्याचे दुःख एकटेपणाचे, मुलांच्या भाषेचे, मागे राहिलेल्या आईवडिलांचे. हे दुःख खोटे नाही. परंतु जो मराठी वायरमन वा वेल्डर ६७ ची रेषा ओलांडू शकला नाही, तो या कथेत शिरलाच नाही. आणि ज्याने आखातात कंत्राटावर वीस वर्षे काढली, त्याला तेथे कायमचे राहण्याचा हक्क नव्हता म्हणून तो ‘स्थलांतरित’ या प्रतिष्ठित नावालाही पात्र ठरला नाही. साहित्याला पात्रे पुरवण्याचे काम काही अंशी व्हिसाचे नियम करतात, हे समीक्षेने गंभीरपणे घ्यावे असे मला वाटते.

जानेवारी २०१३ मध्ये कॅनडाने कुशल कारागिरांसाठी स्वतंत्र योजना काढली. तीत शिक्षणाची किमान अट नव्हती. पाच वर्षांत दोन वर्षांचा अनुभव, बेताची इंग्रजी किंवा फ्रेंच, आणि नोकरीचे पत्र किंवा प्रांताचे पात्रता-प्रमाणपत्र एवढे पुरे होते. मात्र हे प्रमाणपत्र मिळवायचे तर बहुधा कॅनडात जाऊनच परीक्षा द्यावी लागते. शिवाय २०१५ पासून या योजनेतले अर्जदारही सर्वांच्या सामाईक गुणवत्ता-यादीत आले. तेथे किमान पात्रता पुरत नाही, इतरांच्या पुढे असावे लागते. आणि त्या यादीत पुन्हा पदवीला, वयाला, भाषेला भरघोस गुण. २०२३ पासून काही व्यवसायगटांसाठी वेगळ्या फेऱ्या घेतल्या जाऊ लागल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये कारागिरांची पहिली फेरी झाली, तेव्हा निवडीची रेषा ३८८ वर थांबली. त्याच महिन्यातल्या सर्वसाधारण फेऱ्यांत ती पाचशेच्या आसपास होती.